मंदाकाकूंची अंगठी कापली

मंडळी, ज्या रोटरी टूलने, म्हणजे बारीक चकती फिरवून कापणाऱ्या हातातल्या यंत्राने, मी विमानांची मॉडेलं बनवतो, त्याने आज शेजारच्या मंदाकाकूंची लग्नातली अंगठी कापली.

सकाळी झेंडू तोडताना काकूंना मधमाशी चावली. बोट सुजून निळं पडलं, अंगठी रुतली. साबण, तेल लावून झालं. दवाखाना उघडायला अवकाश होता.

"तुझ्या त्या बॅटरीच्या मशिननं काप," काकू म्हणाल्या.

अंगठीखाली पातळ पत्रा सरकवला. वरून पाणी सोडत, थांबत थांबत कापलं. अंगठी निघाली आणि काकू रडल्या.

"फार दुखलं का?"

"नाय रे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काढली."

तारा जोडायच्या सोल्डरिंग आयर्नने जोडून दे म्हणाल्या. सोन्याचं काम सोनाराचंच, असं सांगून मी नाही म्हटलं.

बोट वाचलं. पण तुम्ही मशीन चालवलं असतं का? मला अजून खात्री नाही.