सासूबाईंचा कोरा चहा

कोणी वाचलंच तर माफ करा, अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनही चुकेल. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

आम्ही वारज्याला राहतो. मी लोकांकडे पोळ्या करते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई विसरायला लागल्या. जेवून उठल्या की पुन्हा ताट मागायच्या. गॅस पेटवून दारात जाऊन बसायच्या. कामावर जाताना मी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवायची. एकदा मलाच म्हणाल्या, "तू कुणाची गं?" दवाखान्यात सांगितलं, वय झालं. मालक म्हणाले, आता आई अशीच राहणार. मी इतकी थकले होते की तेही पटलं.

मग पायांना मुंग्या येऊन त्या मोरीत पडल्या. या वेळी दुसऱ्या डॉक्टरबाई होत्या.

"आजी खातात काय?"

"सगळं खाते," मालक म्हणाले. "माझ्यापेक्षा जास्त."

मी मागे उभी होते. आमचं घर माळकरी, मटण-अंडं कधीच नाही. त्यात मालकांच्या अपघातात सासूबाईंनी नवस बोलून दूध, दही, ताक सोडलं होतं. नवस सांगायचा नसतो. पण त्यांचा कोरा चहा रोज मीच करायचे, म्हणून मला माहीत होतं. पहिल्या दवाखान्यातही मी अशीच गप्प उभी राहिले होते.

"दूध घेत नाहीत त्या," मी म्हटलं. "बारा वर्षं झाली."

मालक आईकडे बघायला लागले. "मला कधी बोलली नाहीस?"

"तुझ्यासाठी सोडलं," त्या म्हणाल्या. "तुला विचारून सोडायचं होतं होय?"

रक्तात बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं. ते दूध-मटणातून मिळतं, कमी पडलं की विसरायलाही होतं म्हणे. डॉक्टरबाई म्हणाल्या, इंजेक्शनं देऊ, पण उशीर झालाय, सगळं परत येईल असं नाही. माझ्या मनात पहिला दवाखानाच येत राहिला.

तपासण्यांना सहा हजार लागले. जिथे पोळ्या करते त्या ताईंकडून उचल घेतली. त्या दर महिन्याला पगारातून पाचशे कापायच्या.

चार-पाच महिन्यांनी सासूबाई मला नावाने हाक मारायला लागल्या. दूध अजून घेत नाहीत. इंजेक्शन मात्र घेतात.

काल शेवटचे पाचशे कापले गेले. घरी आले तर सासूबाईच म्हणाल्या, "ताईंचे पैसे फिटले का?" उचलीचं मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, तेही कितीतरी महिन्यांपूर्वी.

"फिटले सगळे," मी म्हटलं.

रात्री जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, सगळे फिटले.