काकूंच्या दुकानाचा सर्व्हर

चूक माझीच होती. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नवऱ्याला मिरवायची संधी मिळायला नको.

सिडनीच्या हॅरिस पार्कमधलं ते किराणा दुकान काकूंचं. काका गाडी चालवायचे, पोती उचलायचे आणि गप्प बसायचे. काकू बहिणीच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे म्हणून सांगलीला गेल्या आणि मागे कोविडमुळे इथल्या सीमा बंद झाल्या. दीड वर्ष झालं तरी बाई तिकडेच. त्यात सिडनीत पुन्हा लॉकडाऊन लागला, गिऱ्हाईक येईनासं झालं. एकदा डाळ घ्यायला गेले तर काका म्हणाले, "ती येईपर्यंत दुकान चालू राहिलं पाहिजे गं. बाकी मला काही नको. घरपोच ऑर्डरी घेता येतील असं काहीतरी करून दे."

मी पुण्याची, त्यात आयटीतली. सल्ला कुणी मागायचाच काय तो अवकाश. वेबसाइट दोन रविवारांत केली. प्रश्न होता, ती कुठल्या सर्व्हरवर चालवायची. नवरा म्हणाला, "भाड्याने घे. कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये राहील, कुणाला बघायला नको." पण आम्ही सात वर्षं भाड्याच्या घरांत काढून नुकतेच जवळच गिरावीनला स्वतःच्या घरात आलो होतो. भिंतीला एक खिळा ठोकायचा तर एजंटला ईमेल! भाडं म्हटलं की माझं डोकंच उठायचं. "स्वतःचं ते स्वतःचं," मी ठणकावलं. बंद पडलेल्या एका ऑफिसातून जुना सर्व्हर उचलला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांशेजारी मांडला. मेला घरघर फार करायचा, पण चालला. ऑर्डरी यायला लागल्या. काका फोन करून सांगायचे, "आज अकरा आल्या!" मीही भाव खाऊन घेतला.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऐन खरेदीच्या दुपारी, साइट बंद. लॉकडाऊन नुकताच उठला होता, पण लोक अजून दुकानात शिरायला घाबरत होते. मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, पुरणासाठी डाळ मागवायचीय, उघडतच नाहीये." काका फोन उचलेनात. मीटिंगमधून सॉरी म्हणून उठले आणि तशीच गाडी काढली.

मागच्या खोलीत बघते तर काय! सर्व्हरला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल, समोर वाटीत साखर. आणि वायर काढून छान गुंडाळून ठेवलेली. खंडेनवमी! ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायचं आणि त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची. काकू दरवर्षी तराजू पुजायच्या आणि दिवसभर फक्त पाकीटबंद माल विकायच्या.

"काका, डोकंबिकं फिरलंय का तुमचं?" माझी जीभ सुटलीच. "वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि तुम्ही याला झोपवलंत? असं टिकवणार दुकान काकू येईपर्यंत?"

काकांनी पोत्यांकडे बघितलं.

"त्यांना नको बोलूस गं," पोत्यांकडून आवाज आला. मी दचकलेच. पोत्याला टेकवलेल्या फोनवर काकू होत्या, व्हिडिओ कॉलवर. पूजा त्यांनीच सांगून करून घेतली होती. "मीच बंद करायला लावलं. ते मशीन आल्यापासून माझ्यावाचून सगळं सुरळीत चाललंय. म्हटलं, माझ्या दुकानातलं एक तरी काम माझ्या सांगण्याने व्हावं." आणि त्या रडायलाच लागल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याचं ऐकून भाड्याचा घेतला असता, तर ना कुणाला त्याला कुंकू लावता आलं असतं, ना वायर काढता. पण मग काकूंच्या मनात काय चाललंय, हेही मला कधी कळलं नसतं.

काकांनी वायर उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"राहू दे," मी म्हटलं. "काकू, कुणाला काय लागतं ते तुम्ही सांगा. आम्ही फोन करतो."

झालं! काकूंनी डोळे पुसले आणि सुरूच झाल्या. "ती दातांची डॉक्टर आहे ना, तिला वेलचीचं श्रीखंड. आंब्याचं दिलंत तर परत करेल. कोपऱ्यावरच्या आजोबांना गूळ, पण मऊ बघून द्या, दात नाहीत त्यांना." काउंटरखाली त्यांची जुनी वही होती, तीत सगळे नंबर. तास-दीड तास आम्ही दोघं आळीपाळीने माझ्या फोनवरून नंबर लावत होतो आणि काकू सांगलीतून दुकान चालवत होत्या.

मग काकांनी गेल्या आठवड्यातल्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या काढल्या. "हे लोक तुझ्या ओळखीचे नाहीत," ते काकूंना हळूच म्हणाले. "साइटवरून आलेत."

काकू पदराने नाक पुसून म्हणाल्या, "अहो, मग सांगा की त्यांना. म्हणावं, दुकानाची मालकीण माहेरी गेलीय. परत येणार आहे."

काकांनी पहिला नंबर लावला. पलीकडून हॅलो आलं, आणि काकांनी फोन माझ्यापुढे धरला. तो घेऊन मीच सांगितलं, "दुकानाची मालकीण माहेरी गेलीय. परत येणार आहे."