टाकीतली रेती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी पोट बिघडलं तरी सांगतो. तुम्हाला का सांगतोय? जाऊ द्या, कारणबिरण काही नाही.

सन साठ-एकसष्टच्या सुमारास मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा नवा डेमॉन्स्ट्रेटर होतो. मुंबईच्या सहलीहून आम्ही समुद्राच्या पाण्याच्या बरण्या आणल्या, दोन चिमुकले मासे आणि एक दगड — त्याला समुद्रफुलं चिकटलेली. फुलं कसली, जीवच ते. काचेची टाकी छोटी, आम्ही सगळे नवशिके. पाणी गाळायचं कशाने? माझं मत कोळसा-कापसाच्या डबीला होतं. दर आठवड्याला बदलायची, की झालं स्वच्छ. प्रयोगशाळेचे शिपाई सुखदेव म्हणाले, "रेतीचा थर द्या, सर. आमाले विहीर कुठं होती? नदीच्या रेतीत झिरा खोदूनच पानी पेलो. रेती पानी साफ करते." हे सुखदेव नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. विहीर का नव्हती, ते मी विचारलं नाही. ठाऊकच होतं.

रेती घातली. हवेच्या पंपाने पाणी तिच्यातून फिरू लागलं आणि दोन महिने टाकी अगदी नितळ राहिली. पोरं काही विचारायची ती सुखदेवांना. मला ते झोंबायचं — झोंबायचंच, दुसरा शब्द नाही.

मग विद्यापीठाची कमिटी येणार असं कळलं. सुखदेवांची नोकरी त्याच वर्षी कायम व्हायची होती. रेतीवर तपकिरी चिकट थर आला होता. ते म्हणाले, "सर, रेतीले हात नोका लावू. ते चिकट हाय मनूनच पानी साफ हाय." आता अमरावतीच्या आमच्या भिक्षुकाच्या घरात घासून लख्ख केलेलं तेवढंच स्वच्छ. आणि शिपायाने मला शिकवायचं? रविवारी दुपारी एकटाच गेलो, सगळी रेती उकळत्या पाण्याने धुतली आणि थंड करून पुन्हा अंथरली.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळलं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. समुद्रफुलं आधी मिटली, मग लोंबली. काय करणार होतो मी? समुद्र एका रात्रीच्या रेल्वेवर, आणि आमच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं खारट पाणी या कामाचं नाही. बरणीच्या तळाला उरलेलं पाणी सुखदेव वाटीवाटीने घालत राहिले. मी बाजूला उभा होतो. कमिटी आली तेव्हा टाकीला वास सुटला होता.

रेती कुणी धुतली, असं प्राचार्यांनी विचारलं. मी — सांगतो, थांबा — मी सुखदेवांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. प्राचार्यांना तेवढं पुरलं. का पुरलं, हे तुम्हाला कळतं, आणि मलाही तेव्हाच कळलं होतं. सुखदेव माझ्याकडे वळले. "सर, तुमी सांगा ना. तुमाले तं मालूम हाय."

मी म्हणालो, "मला काय ठाऊक?"

कायम करायच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. महिन्याभरात ते बाळापूरकडे मजुरीला गेले. मी दोनदा बाळापूरच्या एसटीत बसलो, दोन्ही वेळा गाडी सुटायच्या आत उतरलो. ते वयाने माझ्याहून बरेच मोठे, पण मी त्यांना अरे-तुरे करायचो. आज अहो-जाहो लिहितोय — काही खर्च नाही त्याला.

पुढे मी टाकीवाले सर म्हणून गावात नावाजलो. नवशिकी पोरं विचारायची, छोट्या टाकीला काय लावू? रेतीचा थर द्या, मी सांगायचो, आणि त्याला हात लावू नका. हे तुम्हाला कसं कळलं, सर? — अनुभवाने, असं म्हणायचो.

सुखदेवांनी सांगितलं होतं. रेती मी धुतली.