त्या वाफेवर माझी सही नाही

"‘न्हाय’ काय? ‘नाही’ म्हणतात. आधी जीभ सुधार, मग ताऱ्यांवर बोल."

सर भर सेमिनारमध्ये बोलले. कोल्हापुरात, आमच्याच विभागात, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर. सगळे हसले. पाहुणेही.

मी इचलकरंजीची. बाप यंत्रमागावर, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. सर माझे गाईड.

लांबच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जातो, तेव्हा थोडा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. हवेतला प्रत्येक वायू त्या उजेडातले आपले ठरलेले रंग खातो. कुठला रंग कमी पडला ते बघायचं, वायू ओळखायचा. दोन वर्षं मी हेच केलं. आलेख माझा. पडद्यावर नाव सरांचं.

सर सांगत होते, या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ सापडली.

मी उभी राहिले. म्हणाले, "न्हाय सर. ती वाफ ग्रहाचीच हाय, असं म्हणता येत न्हाय."

एवढंच. त्यावर सरांनी ते जिभेचं ऐकवलं.

त्या ताऱ्यावर थंड डाग आहेत. डागांतही वाफ असते. तीही तशीच खूण उमटवते. हे मी महिनाभर आधी लिहून दिलं होतं. सरांनी पेपरमधून ते पानच काढून टाकलं.

नंतर केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"राखीव जागेवर आलीस, फेलोशिप खातेस. माझी सही नसेल तर जाशील परत कांड्या भरायला. पाहुण्यांना माफीचा मेल टाक आणि पेपरवर सहलेखक म्हणून सही कर."

मी खाली बघितलं. अनवाणी पाय. पहिल्या दिवशी भीतीनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या, त्यांनी असू दे म्हटलं नाही. तीन वर्षं काढत राहिले. बाकी कुणीच काढत नव्हतं.

"आई कांड्या भरती त्याची मला लाज न्हाय," मी म्हणाले. "ह्या पेपरची वाटती. सही करणार न्हाय."

"बाहेर हो!"

झाले बाहेर. पाहुण्यांना मेल टाकला. माफीचा नाही. काढून टाकलेलं पान जोडलं, खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. विभागप्रमुखांकडे गाईड बदलण्याचा अर्ज दिला.

अर्ज पडून आहे. पाहुण्यांचं उत्तर नाही. विभागात कुणी बोलत नाही माझ्याशी. वर्ष जाईल, कदाचित डिग्रीही.

त्या ग्रहावर पाणी असेलही. मी शोधत राहणार. सापडलं तर लिहीन, माझ्या नावानं. पण ह्या माणसाच्या सोयीसाठी एक थेंबसुद्धा लिहिणार न्हाय.