डेअरीसारखंच, आप्पा

हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. आता लिहितानाही बाहेर मोटारसायकल वाजली की हात थांबतो — आप्पा तर नसतील?

आप्पा आमच्या न्हावरे गावातले, शेजारचे. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला. शिरूरला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. म्हणून मी मोबाईलवरच्या एका टोकनबद्दल — नाणं हातात कधीच न येणाऱ्या त्या चलनाबद्दल — सांगितलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

मला मात्र एक विचारलं. टोकन घेताना, विकताना दर वेळी थोडी फी कापतात, हे ऐकून म्हणाले, "कापलेलं जातं कुणाकडं रं?"

फीची वाटणी माहितीपत्रकात होती. इंग्रजीत. त्यांना ते वाचता येत नव्हतं — आणि मला? मला येत होतं.

मी म्हणालो, "आपल्या डेअरीत लिटरमागं कापतात अन् दिवाळीला परत देतात ना? डेअरीसारखंच, आप्पा."

"म्हंजी दूध न घालताच बोनस!" ते हसले. "शिकलास बाबा."

डेअरीची कपात आमच्याकडे कधी बुडालेली नाही. म्हणूनच तर मला डेअरी सुचली ना?

आप्पांनी टोकन घेतलं, दोन्ही मेव्हण्यांनाही घ्यायला लावलं. आता ते कुणी विकत घेत नाही. मेव्हणे आप्पांच्या अंगणात येऊन बोलतात, मला घरात ऐकू येतं.

"कुठं हाय बोनस, दाजी? म्हशीनं खाल्ला व्हय?"

"दिवाळी तर येऊ द्या," आप्पा म्हणतात. "पोरगं खोटं बोलायचं न्हाई."

मी दार ओढून घेतो.

दिवाळी जवळ आली आहे. आप्पा मारतील, ही भीती नाही. भीती वेगळीच आहे — ते येतील, ओट्यावर बसतील आणि तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच मायेनं विचारतील.

कापलेलं कुणाकडे जात होतं? थोडं, ज्यांच्याकडे टोकन आहे त्या सगळ्यांना. बरंचसं, ज्यांनी हे टोकन बाजारात आणलं त्यांना. आणि एक भाग — ज्याच्या सांगण्यावरून माणूस आत आला, त्याला.

आप्पा माझ्या सांगण्यावरून आले. त्यांच्या प्रत्येक खरेदीतला तो भाग मला मिळाला, आणि भाव होता तोवर मी त्याचे पैसे करून घेतले.

माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलं होतं. आप्पांनी विचारलं, त्याआधीच मी ते वाचलं होतं.