लाल नळाचं गार पाणी

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर, एक पाण्याचा हीटर आडवा पडलेला आहे. घरात बाबा आणि मी सोडलो तर म्हातारा तोच. मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात परचेस बघतो आणि वाफेच्या बॉयलरचे सुटे भाग मागवतो. त्यामुळे हीटरमधलं मला कळतं असा घरात समज आहे. हा समज मीच पसरवला, आणि आता तो मलाच निस्तरावा लागतो.

या हीटरचा थर्मोस्टॅट केव्हाच गेला. पाणी तापलं तरी तो आपणहून बंद होत नाही. थर्मोस्टॅट बदलायला गेलो तर बोल्ट गंजलेले, आणि बोल्टला हात लावला तर टाकीच फुटेल अशी अवस्था. बायको म्हणते, नवीन घे. मी दुकानात जातो, दिरहममधली किंमत ऐकतो, मनातल्या मनात तिचे रुपये करतो आणि टेफ्लॉन टेप घेऊन घरी येतो. मग सुट्टीच्या दिवशी शिडीवर चढून सीलिंगच्या चौकोनात डोकं घालायचं, कुठे ठिबकतंय ते बघायचं, टेप गुंडाळायची आणि मान आखडून खाली यायचं. याला आमच्याकडे मेंटेनन्स म्हणतात.

आई गेल्यानंतरच्या जानेवारीत बाबा आमच्याकडे राहायला आले. इथल्या थंडीत सकाळी गरम पाणी लागतंच, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांना हीटरचं शास्त्र शिकवलं. बाहेरचं बटण दाबायचं, थोडा वेळ थांबायचं, आठवणीने बंद करायचं, मग आंघोळ. "लाल नळ गरम, निळा गार. बंद करायला विसरायचं नाही हं बाबा, धोका आहे."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बाबा म्हणाले. पण त्यांनी ते इतक्या निष्ठेने पाळलं की बटणासमोर खुर्ची टाकून बसायचे. संध्याकाळी मला रिपोर्ट मिळायचा. "आज बंद केला. उद्याही करीन. तू ऑफिसात काळजी करू नकोस."

मग उन्हाळा आला. इथे उन्हाळा आला की हीटर बंद होतो आणि घरातले नळ आपापसांत कामं बदलतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर उन्हात उकळतं आणि थेट निळ्या नळाला येतं. हात धरवत नाही. उलट हीटरच्या टाकीत साठलेलं पाणी घरातल्या एसीच्या गारव्यात पडून निवतं आणि लाल नळाला येतं. म्हणून उन्हाळ्यात लाल म्हणजे गार, निळा म्हणजे गरम. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही आणि आम्ही कोणाला सांगत नाही. मे महिन्यात केव्हातरी हात आपोआप दुसऱ्या नळाकडे जायला लागतो.

बाबांचा हात गेला नाही. तो जायला हवा हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी, बायको आणि लेक, आम्ही तिघं सकाळी बाहेर पडायचो, बाबा अकराच्या सुमाराला आंघोळ करायचे. जूनमध्ये ते एकदम गप्प झाले. मला वाटलं, आईची आठवण येत असेल. बायको म्हणाली, "इथं बाहेर पडता येत नाही, बोलायला माणूस नाही, कंटाळणारच." दोन्ही कारणं चांगली होती, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून आल्यावर तिसरं शोधण्याइतका जीव आमच्यात उरत नसे. सुट्टीच्या दिवशी बाथरूममधून मात्र त्यांचे पाढे ऐकू यायचे. पावकी, निमकी, औटकी, सगळं खणखणीत. मला बरं वाटायचं. म्हटलं, मूड तरी चांगला आहे.

त्यात घरी आल्यावर हीटरचं बटण चालू दिसायला लागलं. बायको वैतागली. "हीटर कोण लावतंय रे या उन्हाळ्यात?"

"Not me," लेक म्हणाली. "Ajoba, red is cold. Just use the red one. Obviously."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो हो. लाल गार. बरोबर." आणि पाणी प्यायला उठून गेले. हे मी ऐकलं होतं. ऐकून फोनमध्ये ऑफिसचं मेल वाचत बसलो होतो.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी दार उघडलं, तर पॅसेजमध्ये ढग. वर सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारत होता, सीलिंगमधून कढत पाणी गळत होतं, आरसा, फरशी, सगळं वाफेत गडप. मी धावत जाऊन बटण बंद केलं. बाबा त्यांच्या खोलीत पलंगाच्या काठावर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"भाजलं का कुठे? बाबा, हात दाखवा."

"मला काही झालं नाही. माझं तिकीट काढ."

"अहो, हीटरच जुना आहे, त्यात एवढं काय..."

"हीटरचं नाही रे." ते हळू बोलत होते. "मला लालला गार येतं. मग वाटतं, हीटर लावायला विसरलो. म्हणून लावतो, आणि या गोंधळात बंद करायचं राहतं. निळा गार म्हणून सोडावा तर पाय पोळतो. तुम्हाला कोणालाच हे होत नाही, मला एकट्याला होतं. पोरगी म्हणते लाल गार. मग जानेवारीत तू काय सांगितलंस ते मला आठवेना. रोज पाढे म्हणून बघतो. पाढे येतात. नळ येत नाही." मग म्हणाले, "भाऊचं असंच सुरू झालं होतं. तुमच्या घरात ते व्हायला नको. मला पाठव."

भाऊ म्हणजे माझे काका. शेवटच्या वर्षांत त्यांना घरचे कोणी ओळखू येत नव्हते.

मी त्यांना हाताला धरून त्या वाफेतच नेलं आणि निळा नळ सोडला. "बघा. गरम. मलाही गरमच येतं." मग गच्चीवरची टाकी, ऊन, एसी, हीटर, सगळं सांगितलं. दरवर्षी असंच होतं, आख्ख्या बिल्डिंगमध्ये होतं, आख्ख्या देशात होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज चढला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"गाढवा! आणि हे तू मला आत्ता सांगतोस? नळ फिरले आणि म्हाताऱ्याला पत्ता नाही? मी इथे वेडा होतोय म्हणून मरतोय, आणि हे इंजिनियर शिडीवर चढून टेप लावतायत!"

"इंजिनियर नाही बाबा, परचेस."

"तेच ते!"

बायको आली तेव्हा ते मला अजून झापत होते. ती दारातच चपला काढायची थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. इतका ओरडा खाऊन इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी हीटर पुरता निवला, त्या रात्रीही जेवताना तिकिटाचा विषय कोणी काढला नाही. बाबांनी भात दोनदा घेतला. ताटावरून उठता उठता मात्र ते थांबले.

"काय रे," ते म्हणाले, "भाऊलासुद्धा सुरुवातीला कोणी काही सांगायचं राहून गेलं असेल का?"

काकांचे रिपोर्ट मी पाहिले होते. "नाही बाबा," एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले. बेसिनशी त्यांचा हात आधी निळ्या नळाकडे गेला. मग लाल नळ सोडला.