चोरी म्हणण्याआधी

“मॅडम, सिंपल केस आहे. चोरी. दोन पानांत रिपोर्ट होईल,” प्लँट मॅनेजर म्हणाले. मूळचे पुण्याचे, पण बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या त्या कारखान्यात मुरलेले. चौकशीआधीच निकाल सांगणारा माणूस भेटला की माझे कान टवकारतात.

मी वकील. कामगारावर आरोप आला की कंपनी बाहेरच्या माणसाकडून चौकशी करवून घेते. त्याला डोमेस्टिक एन्क्वायरी म्हणतात. इथे तो बाहेरचा माणूस मी होते.

आरोपी गणोजीराव, टूलरूममधले जुने फिटर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गेटवर त्यांच्या जेवणाच्या डब्यात कंपनीचा मायक्रोमीटर सापडला. केसाचीही जाडी मोजणारं ते हत्यार. चोरी सिद्ध झाली की नोकरी गेलीच.

“डब्यात का लपवलात?” मी विचारलं.

“लपवलं नाही, अक्का. धक्का लागू नये म्हणून ठेवलं. पूर्वजांच्या तलवारी कधीच गेल्या. आता ज्यावर पोट भरतं, तेच नवमीला देवापुढे मांडतो. दसरा झाला की परत आणतो. दरवर्षी.”

“गेट पास?”

“कधीच घेतला नाही.”

यांच्यासारखंच माझं घरही बेंगळुरूतलं जुनं मराठी. हे ऐकून मी पाघळेन असा यांचा डाव असणार, असं मला वाटलं. गोष्ट फारच सोयीची होती.

“नोकरीचं बघू, अक्का,” ते म्हणाले. “पण गल्लीत नातवाला चोराचा नातू म्हणतील.”

ते मला लागलं, आणि लागलं म्हणून माझा स्वतःवरच राग आला. कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या हेतूने हलवणं. हेतू मनात असतो, तो दिसत नाही. संमती मात्र शोधता येते. मी गेटवरच्या गार्डला बोलावलं.

“सगळ्यांचे डबे उघडता?”

“इल्ला मॅडम, नाही. त्या दिवशी फक्त यांचा. मॅनेजर सरांनी सांगितलं होतं.”

आता माझा संशय खुर्ची बदलून बसला. मी मॅनेजरना साक्षीला बोलावलं.

“नेमका हाच डबा कसा सुचला तुम्हाला?”

“अहो, दरवर्षी नेतो हा. सगळ्यांना माहितीय.”

“तुम्हालाही?”

“ऑफ कोर्स.”

“आणि आजवर अडवलं नाहीत?”

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहून घेतलं. इतकी वर्षं डोळ्यांदेखत जाऊ दिलेली आणि दरवेळी परत आलेली वस्तू यंदा एकदम चोरीची कशी झाली, हा प्रश्न मी त्याखालीच नोंदवला.

रिपोर्ट दोन पानांतच झाला. चोरी सिद्ध होत नाही. गेट पासचा नियम मोडला, एवढंच. गणोजीरावांना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. कारखाना दूर येलहंक्याला हलवायचं घाटत होतं आणि विरोध करणाऱ्या कामगारांत गणोजीराव पुढे होते, हे मला नंतर कळलं.

त्या कंपनीने मला पुन्हा बोलावलं नाही. मी मात्र तेव्हापासून आरोपीच्या आधी, आरोपाचा शब्द ज्याने निवडला त्याची उलटतपासणी घेते.